बिनचिंधीचा शर्ट

मास्तर कुणाशीही बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नसत, काखेकडे बघत. नवख्या माणसाला हे चमत्कारिक वाटे. घामाचा डाग पडलाय की शिवण उसवलीय, ते तो चोरून तपासून घेई आणि मग हात अंगाशी घट्ट धरून उभा राही. कारखान्यातल्या लोकांच्या मात्र हे अंगवळणी पडलं होतं. "मास्तरांशी बोलायचं तर हात वर करून बोला, म्हणजे ते लक्ष देतील," असं कापडाच्या कडा बांधणाऱ्या ओव्हरलॉकच्या मशिनीवरची बाई नव्या मुलींना सांगायची. त्यात थट्टा होती, पण खोटं काही नव्हतं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत. शर्ट आणि गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते कटिंग मास्तर होते, म्हणजे कापड बेतून द्यायचे. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरलेले, सगळ्यात वरच्या थरावर मास्तरांनी खडूनं आखलेल्या रेषा, आणि त्या रेषांवरून गुरगुरत जाणारी विजेची कात्री. रेषा चुकली तर एक शर्ट बिघडत नाही, सगळा ढीग बिघडतो. त्यामुळे ज्याच्या हातात खडू त्याच्यावर मालकाची नजर, आणि इतकी वर्षं मालकाला मास्तरांवर आवाज चढवायची वेळ आली नव्हती. एवढ्यावर माणूस सुखानं निवृत्त झाला असता. पण मास्तरांच्या डोक्यात एक भुंगा शिरला होता.

टेबलाखाली संध्याकाळपर्यंत चिंध्यांचा ढीग साठायचा. गळ्याचे गोल, कॉलरच्या टोकांशी पडलेले त्रिकोण, आणि सगळ्यात जास्त म्हणजे काखेपाशी हात जाण्यासाठी कापून टाकलेले वाकडे तुकडे. त्यांची पोती भरायची, एक माणूस येऊन ती हातगाडीवर घालून घेऊन जायचा. बाकीच्यांना तो कचरा वाटे. मास्तरांना ते तुकडे बघून एकदा असं वाटलं, की शर्टाच्या अंगातून आपण जो गोल कापून फेकतो आणि बाहीच्या डोक्याला जो गोल ठेवतो, ते दोन्ही एकाच खांद्याच्या मापातून येतात. मग एकातून दुसरा का निघू नये? कापडाचा एक चौकोन घ्यावा, तो असा बेतावा की सगळे तुकडे शर्टात जिरावेत आणि चिमूटभरही चिंधी उरू नये. शिवाय घालणाऱ्याला काही कळता कामा नये. पोतं अंगात घातल्यासारखा शर्ट कुणीही बेतेल. मास्तरांना नेहमीच्या शर्टासारखा शर्ट हवा होता, फक्त बिनचिंधीचा.

हे कुणी करायला सांगितलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. मालकाला चिंध्यांची फिकीर नव्हती. बायकोनं तर लग्न झाल्या झाल्या विचारलं होतं, "आणि जमलं तर काय होईल?" मास्तर बराच वेळ विचार करून म्हणाले होते, "जमेल." तिनं पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

मास्तरांना हे काम शिकवलं होतं थोरल्या मास्तरांनी. म्हातारा खडूस होता, पण हात असा की कापडाला कळायच्या आत बेत झालेला असायचा. त्यांनी शिष्याला दोन गोष्टी बजावल्या होत्या. पहिली म्हणजे डोक्यात बेतायचं नाही, कागदावर बेतायचं. "डोकं लबाड असतं. त्याला रेष जुळत नसली तरी ते जुळवून दाखवतं. कागद दाखवत नाही." दुसरी म्हणजे चुकलेला फर्मा तिथल्या तिथं फाडून टाकायचा. फर्मा म्हणजे जाड कागदाचा कापलेला नमुना, ज्याच्या कडेनं खडू फिरवतात. एकदा असा एक चुकलेला फर्मा कुणीतरी खिळ्याला लटकवून ठेवला, दुसऱ्यानं तो काढून वापरला, आणि शाळेच्या गणवेशाच्या ढीगभर चड्ड्या तयार झाल्या त्यांचे दोन्ही पाय डावे. थोरले मास्तर त्या चड्ड्यांची गोष्ट सांगताना हसत नसत. "बरोबर असेल ते ठेव, चुकलेलं ठेवू नकोस," एवढंच म्हणत.

शिष्यानं दोन्ही गोष्टी गुरुमंत्रासारख्या धरल्या. कापडाचा घाऊक व्यापारी दरवर्षी एक कॅलेंडर द्यायचा, रोज एक पान फाडायचं असलं. त्या पानांच्या कोऱ्या पाठीवर मास्तर लिहू लागले. बारीक अक्षर, एखादी आकृती, खाली एक ओळ. पान भरलं की ते शर्टाच्या रिकाम्या खोक्यात जायचं. खोकी पलंगाखाली जायची. बायको झाडू मारताना ती बाहेर ओढायची, खालून झाडायची आणि पुन्हा आत ढकलायची.

लिहायला लागल्यापासून मास्तर बदलले, हे बायकोच्या आधी त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं. आधी त्यांना विचार यायचे, चहा संपेपर्यंत टिकायचे आणि जायचे, चारचौघांचं होतं तसंच. पण कागदावर उतरलेला विचार दुसऱ्या दिवशीही तिथंच बसलेला असायचा. तो हलायचा नाही, आणि मास्तरांना त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागायचं. मग त्या उत्तरावर तिसऱ्या दिवशी शंका यायची. असं करत करत त्यांचं डोकं एखाद्या वाटेसारखं मळत गेलं. कुठूनही निघाले तरी ते बाहीपाशी येऊन पोचायचे. जेवताना, दाढी करताना, कुणाच्या मयताला उभे असतानासुद्धा. बायकोच्या भावाच्या मयतात खांदा देणाऱ्यांचे हात वर गेले आणि मास्तर त्यांच्या पाठीवरच्या चुण्या बघत राहिले, तेव्हा बायकोनं त्यांना इतक्या जोरात कोपर मारलं की बाजूचे वळून बघायला लागले.

बसमध्ये तर रोजचीच गंमत. वरची दांडी धरून उभी असलेली माणसं म्हणजे मास्तरांना आयता खजिना. हात वर गेला की कुणाचा शर्ट कमरेतून किती उचलला जातो, पाठीवर कुठं ओढ बसते, हे ते टक लावून बघायचे. एकदा एका दांडगट माणसानं गुरकावलं, "काय बघताय हो मघापासून?" मास्तर म्हणाले, "तुमची काख." त्यापुढं काय झालं ते मास्तरांनी घरी नीट सांगितलं नाही, पण चष्म्याची एक काडी बदलावी लागली.

लेकीला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्या बाबांना असा एक शर्ट करायचा असतो. पुढं ती मोठी झाली, एका कंपनीत लोकांच्या तक्रारींचे फोन घेऊ लागली, लग्न होऊन दोन रस्ते पलीकडे राहायला गेली. तोपर्यंत तिला कळून चुकलं होतं की आपल्या बाबांचं हे एकट्याचंच आहे. पण त्याची लाज तिला कधी वाटली नाही. फोनवर दिवसभर माणसं तिला एकाच वेळी चार गोष्टी सांगायची आणि त्यातली एकही पुरी करायची नाहीत. एकाच गोष्टीला चिकटलेला माणूस बघितला की तिला बरं वाटायचं.

बेत सापडायचाही अधूनमधून. मास्तर कारखान्यातून यायचे ते बूट न काढताच स्वयंपाकघरात. बायकोच्या हातातलं काम बाजूला ठेवायला लावायचे, ओट्यावर वर्तमानपत्र पसरायचे आणि पेन्सिलीनं दाखवायचे. बाही पाठीतून कशी निघते, गळ्याचा गोल कॉलरच्या आत कसा जिरतो. बायको ऐकायची. मग रविवारी खरोखरीच्या मापाचा फर्मा व्हायचा, जुन्या चादरीचा शर्ट शिवला जायचा, मास्तर तो स्वतःच अंगात घालायचे आणि हात वर करायचे. काखेत अडायचं. शर्टाचा खालचा काठ पोटापर्यंत वर यायचा आणि खांद्यात दोर बांधल्यासारखी ओढ बसायची. मास्तर चिडायचे नाहीत, आदळआपट करायचे नाहीत. शर्ट काढायचे, फर्मा फाडायचे, त्या बेतासाठी काढलेल्या आकृत्याही फाडायचे; सापडल्याचं पान तेवढं आधीच खोक्यात गेलेलं असायचं. चुकलेलं घरात ठेवायचं नाही. बायको ते तुकडे भरून टाकून यायची. पुढचे काही महिने पलंगाखाली एकही नवं पान जायचं नाही, आणि मग कधीतरी एखाद्या सकाळी दाढीचा साबण गालावर तसाच ठेवून मास्तर पेन्सिल शोधायला लागायचे.

मग डोळे गेले. एकदम नाही, कडांनी. टेबलाचं दूरचं टोक दिसेनासं झालं, मग बाजूला उभा असलेला माणूस. पुढं पुढं बटणाच्या काजातून बघावं तेवढंच समोरचं दिसायचं. खडूची रेष दिसायची, पण ती कुठून आली आणि कुठं चालली ते दिसायचं नाही. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून जितकं टिकेल तितकं टिकेल, असं स्पष्ट सांगितलं. मालकानं मास्तरांना खुर्ची दिली, चहा दिला आणि घरी बसायला सांगितलं. बोलताना तो फार चांगला वागला, आणि त्या चांगुलपणानंच मास्तरांना कळलं की आता परत यायचं नाही.

घरी बसल्यावर मास्तरांना एकाच गोष्टीची घाई झाली. काजाएवढं दिसतंय तोवर शर्ट पुरा करायचा. जन्मभराचा विचार खोक्यांत पडून होता, तो एकदा सलग डोळ्यांखालून घातला की पुढची पायरी सापडणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पण स्वतःचंच बारीक अक्षर त्यांना वाचवेना. म्हणून लेक सुट्टीच्या दिवशी येऊ लागली. तिनं खोकी बाहेर ओढली, पानं तारखेप्रमाणे लावली आणि वाचायला बसली. मास्तर खुर्चीत डोळे मिटून ऐकू लागले. आई बाजूला वाटाणे सोलत होती.

पहिलं खोकं ऐकताना मास्तर खुशीत होते. आपण तरुणपणी इतका नीट विचार करत होतो, याचंच त्यांना कौतुक वाटत होतं. एक पान आलं, त्यावर लेकीनं वाचलं, "सापडलं. बाही अंगातून काढायची नाही, पाठीतून काढायची. उरलेला त्रिकोण काखेत चौकोन करून लावायचा." मास्तर म्हणाले, "वा." मग पुढची पानं, कॉलरची, बटणपट्टीची. दुसरं खोकं निघालं. बऱ्याच वेळानं लेक वाचू लागली, "सापडलं. बाही पाठीतून काढायची. त्रिकोण उरतो तो काखेत चौकोन करून लावायचा."

"हे झालं की मघाशी," मास्तर म्हणाले. "तेच पान परत घेतलंस."

"नाही बाबा. हे दुसरं आहे."

"नीट बघ."

लेकीनं पान उलटून पुढची छापील तारीख बघितली. मधे कित्येक वर्षं गेली होती. तिनं तारीख सांगितली. मास्तर म्हणाले, "ह्याच्या पुढचं वाच." पुढचं पान कित्येक महिन्यांनंतरचं होतं आणि खिशाबद्दल होतं. "आणि त्या आधीच्या सापडलं-च्या पुढचं?" ते कॉलरबद्दल होतं. मधे काय झालं ते कुठंच नव्हतं. लेकीनं घाईघाईनं शेवटची खोकी चाळली, आणि तिला मिळू नये ते मिळालं. तिसरं पान. अक्षर जरा थोराड झालेलं, शब्द जवळपास तेच. सापडलं.

ते पान वाचावं की नाही असा ती विचार करत होती, एवढ्यात आई वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "वाच. तेही तेच आहे."

मास्तरांनी डोळे उघडले. "तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला? ही पाळण्यात होती तेव्हा सांगितलंत. मग ही शाळेत जायला लागली त्या वर्षी. मग हिच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा. तिन्ही वेळा बूट न काढता आलात. दुसऱ्या वेळी माझी भाजी करपली होती."

"हेच सांगितलं? पाठीतून बाही?"

"हेच. काखेतला चौकोन, सगळं."

"मग बोलली का नाहीस?"

आईनं वाटाण्याची टरफलं गोळा केली. "तुमचं तोंड तुम्हाला दिसलं असतं ना त्या वेळी, तर तुम्हीही बोलला नसता."

मास्तर त्या दिवशी संतापले. आयुष्यात आवाज न चढवलेला माणूस, पण त्या दिवशी खुर्चीचा हात त्यांनी असा धरला की लेकीला वाटलं आता मोडणार. बायकोवर संतापले, थोरल्या मास्तरांवर संतापले, ज्यांच्या अस्थी विसर्जून जमाना झाला होता. पण खरा राग स्वतःवर होता आणि तो त्यांना कुठं ठेवावा ते कळत नव्हतं. "मला वाटत होतं मी पुढं चाललोय," ते पुन्हा पुन्हा म्हणाले. "अगं, मी घाण्याला जुंपल्यासारखा गोल फिरत होतो, आणि तू दारात उभी राहून बघत होतीस." बायको रडली नाही. तिनं वाटाणे आत नेले. तिलाही वाईट वाटलं होतं, पण तिचं म्हणणं सोपं होतं. तिला शर्ट नको होता, नवरा हवा होता, आणि तो त्या तीन संध्याकाळी जितका तिचा होता तितका एरवी कधी नव्हता.

लेक मात्र दिवसभराच्या नोकरीत एक गोष्ट शिकली होती. तक्रार कितीही जुनी असो, ती नेमकी काय आहे ते आधी लिहून घ्यायचं. ती म्हणाली, "बाबा, काखेत अडतं ना? का अडतं?"

मास्तर उत्तर द्यायला पुढं सरसावले. बाहीच्या गोलाबद्दल ते तासभर बोलू शकले असते. कापडाचा उभा धागा, आडवा धागा, तिरपा ताण, सगळं तोंडपाठ होतं. पण काखेत का अडतं, हे त्यांना माहीत नव्हतं. अडलं की ते फाडत आले होते. जन्मभर ज्या गोष्टीवर लक्ष एकवटलं, तिच्यातल्या त्या एका जागेकडे त्यांनी एकदाही थांबून बघितलं नव्हतं. नेमकं तिथंच बघायचं होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"मग पुन्हा करू," ती म्हणाली. "मी आखते, तुम्ही सांगा. ह्या वेळी अडलं तर फाडायचं नाही. का अडलं ते बघायचं आणि मी लिहिणार."

पुढच्या काही सुट्ट्या त्यातच गेल्या. लेकीला कापडातलं ओ की ठो कळत नव्हतं. मास्तर सांगायचे, ती जमिनीवर कागद पसरून आखायची, मास्तर बोटांनी रेषेचा काठ चाचपायचे आणि म्हणायचे, "इथं फुगलंय, पुसून टाक." दोनदा भांडणं झाली. एकदा तिनं डावी बाही उजवीकडं काढली आणि मास्तरांना थोरल्या मास्तरांच्या चड्ड्या आठवल्या, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा ते हसले. त्या दिवसांत घरात जरा बरं वाटत होतं. मास्तरांना वाटू लागलं की अजून वेळ गेलेली नाही. एकदा का नीट कळलं की अडतं कशानं, मग पुढचं काय, लेक तरुण आहे, तिचे डोळे आहेत. दिसायचं आता काजातूनही धुरकट व्हायला लागलं होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

शर्ट बायकोच्या मापाचा बेतला होता. मास्तरांचा खांदा आखडला होता, त्यांचा हात कानाच्या वर जात नव्हता, आणि लेकीला तासन्‌तास पुतळ्यासारखं उभं राहायला सवड नव्हती. शिवाय बायकोचं माप मास्तरांना टेप न लावता येत होतं. तिनंच तो घरातल्या मशिनीवर शिवला. चिंधी खरंच उरली नाही. लेकीनं जमीन झाडून सुपलीत काय आलं ते दाखवलं, म्हणजे बाबांच्या हातात दिलं. दोराचे तुकडे आणि धूळ.

दुपारची वेळ होती. बायको आतून शर्ट घालून आली आणि खिडकीपाशी उभी राहिली. मास्तरांना ती एक उजेडाच्या आड आलेली सावली दिसत होती, तीही मधूनच.

"हात वर कर," मास्तर म्हणाले. "पूर्ण. फळीवरचा डबा काढतेस तसा."

कापडाची सळसळ झाली. मास्तर पुढं वाकून बसले. लेक पेन उघडून जमिनीवर बसली होती, मांडीवर कोरं पान. इतकी वर्षं ज्या क्षणी फाडाफाड व्हायची, त्या क्षणी आज पहिल्यांदा कुणीतरी लिहायला बसलं होतं.

"ओढतंय?" मास्तरांनी विचारलं.

बायकोनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. लेकीनं आईकडे बघितलं. शर्टाचा काठ चांगला वर गेला होता, आणि आईच्या खांद्यात कापड ताणून पांढरं पडलं होतं.

"नाही," बायको म्हणाली. "मुळीच नाही ओढत. छान बसलाय."

"खरं सांग."

"खरंच सांगते. हात बघा की, पार वर आहे."

"तुला काय दिसतं गं?" मास्तरांनी लेकीला विचारलं.

लेकीनं तोंड उघडलं. आई तिच्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यात दटावणी नव्हती, विनवणी होती. "छान दिसतोय, बाबा," ती म्हणाली.

मास्तर मागं टेकून बसले. "बरं," ते म्हणाले. "बरं झालं."

बायको शर्ट बदलायला आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळानं तिची दबकी हाक आली, "जरा ये गं इकडं." लेक उठून आत गेली. दार लोटलं गेलं. आत दोघींची कुजबुज, "हात खाली घे," "अगं नाही येत," "थांब, दुसरीकडनं." आणि मग कापड फाटल्याचा आवाज.

तो आवाज मास्तरांना लेकीच्या आणि बायकोच्या बोलण्यापेक्षा जास्त कळत होता. कापड आडवं फाटतं तेव्हा ते तुटक तुटक, अडखळत ओरडतं. उभं फाटतं तेव्हा एका दमात जातं. हे काखेत सुरू झालं, थोडं आडवं गेलं, तुटलं, आणि तिथून एका दमात पाठीवरून खाली गेलं. मास्तर ताठ बसले. ओढ बाहीची नव्हतीच. पाठ कमी पडत होती. बाही पाठीतून काढली की पाठीला हात वर न्यायला कापड उरतच नाही, काखेतला चौकोन कितीही मोठा केला तरी. म्हणजे उलटं जायला हवं, पाठ आधी बेतायची, खांद्याची रेघ मागं सरकवायची, आणि मग जे उरेल त्यातून... त्यांच्या डोक्यात एकामागून एक पायऱ्या पडायला लागल्या. दुसरी पायरी चढताना पहिली कागदावर हवी होती. तिसरी चढताना दुसरी.

लेक बाहेर आली. तिचा आवाज जरा जास्तच मोकळा होता. "आईनं काढून ठेवला शर्ट. कपाटात नीट ठेवते म्हणाली. बाबा, लिहायचं ना? काय लिहू?"

वाक्य मास्तरांच्या ओठांवर होतं. ते म्हणायचं तर आपल्याला ऐकू आलं हेही म्हणायला लागणार होतं. आत कपाटाचं दार लागलं, आणि बायको भांडी जरुरीपेक्षा जास्त वाजवू लागली. ती रडत असेल, असं मास्तरांना वाटलं. चूक लपवण्याचा तिला सराव नव्हता, आनंद जपण्याचा होता.

"नको," मास्तर म्हणाले. "आज लिहिण्यासारखं काही नाही."

लेकीनं पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळपर्यंत त्यांनी ते डोक्यात धरून ठेवलं. जेवताना कमी बोलले, म्हणजे सांडणार नाही. पण डोक्यात बेतायची त्यांना सवय नव्हती. ते तसं कधी शिकलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी तिसरी पायरी नीट लागेना. त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरी कुठल्या बाजूनं होती तेच आठवेना. बायको दोनतीनदा विचारून गेली, "कसला एवढा विचार चाललाय?" आणि मास्तर म्हणाले, "कसला नाही." आठवडा संपता संपता त्यांच्याजवळ पाठ कमी पडते एवढंच उरलं होतं. त्याच्या पुढं काय होतं ते गेलं होतं, आणि ते आता पुन्हा सापडणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.